भाच्याची पहिली ठासणीची रायफल: गोळी कोणती, दारू किती?

लष्करचा मामा
नमस्कार मंडळी,
माझा भाचा कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ राहतो. यंदा त्याला तिथल्या सप्टेंबरच्या मझल लोडर (म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या) हंगामाचं म्यूल डियर या हरणाचं शिकारीचं लायसन्स सोडतीत लागलं. हंटर एज्युकेशनचं कार्ड आधीच मिळालंय. रायफल सेकंडहँड घेतली: थॉमसन सेंटरची हॉकन, .५० कॅलिबर, बाहेरच्या घोड्याची, टोपीवर चालणारी, म्हणजे घोडा आपटला की छोटी स्फोटक टोपी फुटते आणि तिच्या ठिणगीने दारू पेटते. आता दुकानात गोळ्यांच्या फळीसमोर उभा राहून गोंधळलाय. कुणी म्हणतं गोल गोळी घे, कुणी म्हणतं लांबट. दारूचं तर प्रत्येकाचं माप वेगळं.

मला विचारतोय, कारण गावाकडच्या शेतावर आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि सुट्टीत ग्वाल्हेरला आला की मी ती साफ करताना हा शेजारी बसून बघायचा. पण ती गुळगुळीत नळीची. रोही आणि डुकरं पिटाळायला बार काढायचा, एवढंच तिचं काम. आटे पाडलेल्या नळीतून एकच गोळी नेमक्या जागी टाकायची, हे शास्त्र वेगळं आहे आणि त्यात मला अंदाजाने काही सांगायचं नाही. जनावर जखमी होऊन पळालं आणि कुठल्या झुडपात तडफडत पडलं, हे आमच्या घरातल्या मुलाच्या हातून होऊ नये. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावं, मी सगळं त्याला पाठवणार आहे.

व्यवस्थापक
प्रश्न कोलोरॅडोतल्या कायदेशीर हंगामाचा आहे म्हणून धागा चालू राहील. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा परवाना पीकराखणीसाठी सांगितला आहे, तो शिकारीचा परवाना नव्हे. इथल्या जनावरांबद्दलचे प्रश्न या धाग्यात नकोत.

नयाबाजारची वैनी
मामा, माझं माहेर नया बाजारचं, आता बरीच वर्षं कोलोरॅडोत आहे. मी आणि माझे मिस्टर दोघंही या हंगामात जातो, म्हणून आधी इथले नियम सांगते. निम्मी निवड नियमच करून टाकतात.

मझल लोडर हंगामात इथे सॅबो चालत नाही, म्हणजे गोळीभोवती प्लास्टिकचं कवच असतं तो प्रकार. दारूच्या तयार गोळ्या, ज्यांना पेलेट म्हणतात, त्याही बंद. दारू सुटी आणि मापूनच भरायची. स्मोकलेस दारूला मनाई. दुर्बीण नाही, साधी माशी आणि मागची खाच, एवढंच. लांबट गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. हरणासाठी किमान .४० कॅलिबर लागतं, एल्क आणि मूस या मोठ्या हरणांसाठी .५०. आणि .४० ते .५० कॅलिबरमध्ये गोळी किमान १७० ग्रेनची हवी (ग्रेन हे वजनाचं माप, साधारण १५ ग्रेनचा एक ग्रॅम). अंगावर आणि डोक्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी लागतंच. यंदाचं माहितीपत्रक त्याने स्वतः ओळ न् ओळ वाचावं, वनरक्षकासमोर 'मामाने सांगितलं' चालणार नाही.

यानंतर दुकानातल्या फळीवर दोनच गोष्टी उरतात: पॅचमध्ये, म्हणजे चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात, गुंडाळलेली शिशाची गोल गोळी, आणि शिशाची लांबट कोनिकल. यातलं काय घ्यायचं ते नळीला विचारायचं, दुकानदाराला नाही. नळीतले आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, त्यावर सगळं अवलंबून आहे. संथ फेरा, म्हणजे ६० ते ७२ इंचांत एक, हा गोल गोळीचा. जलद फेरा, २८ ते ३२ इंचांत एक, लांबट गोळीचा, कारण लांब गोळीला सरळ उडायला जास्त गिरकी लागते. हॉकनचा फेरा साधारण ४८ इंचांत एक असतो, म्हणजे दोन्ही चालवून घेणारा मधला मार्ग.

पण सेकंडहँड रायफलीची नळी मागच्या मालकाने बदललेली असू शकते. म्हणून त्याने मोजून बघावं. आधी नळी रिकामी आहे याची खात्री करायची आणि टोपी लावलेली नाही हे बघायचं. मग फिरत्या मुठीच्या गजाला (गज म्हणजे गोळी ठासायचा दांडा) घट्ट पॅच लावून तो तळापर्यंत घालायचा, तोंडाशी गजाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची आणि हळूहळू बाहेर ओढायचा. गज आट्यांबरोबर फिरतो. खूण वरून बाजूला आली, म्हणजे पाव फेरा झाला, की किती इंच बाहेर आला ते मोजायचं. बारा इंच आले तर चार पट, ४८.

नवशिक्याला मी गोल गोळीच सांगेन. .४९० व्यासाची गोळी आणि .०१५ इंच जाडीचा पॅच, इथून सुरुवात. ही गोळी साधारण १७७ ग्रेनची भरते, म्हणजे नियमात बसते. स्वस्त आहे, धक्का कमी बसतो, त्यामुळे मुलगा भरपूर सराव करतो. तोच खरा फायदा.

मुरारचा आर्मोरर
वैनींनी पाया घातला, मी दारूचं लिहितो. फौजेत आयुष्यभर हत्यारं उघडली आणि जोडली. ठासणीच्या हत्यारांवर निवृत्तीनंतर मुलीकडे मिसुरीत असताना हात बसला.

मामासाहेब, पहिली गोष्ट. सेकंडहँड आहे ना? मग ती भरलेली आहे असंच समजायचं. गज नळीत सोडा, तोंडाशी बोटाने पकडा, बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा. टोक निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या बोंडीच्या, जवळ पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे थांबलं तर आत जुना बार बसलाय. मग टोपीला हात लावायचा नाही, थेट गनस्मिथकडे.

दुसरी गोष्ट, दारू. काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. दाण्याच्या आकारावर तिचे एफ ठरतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. .५० ला दोन एफ, .४५ आणि त्याखाली तीन एफ, चार एफ फक्त चकमकीच्या रंजकीला. बाजारात पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन असे पर्यायही आहेत. ते वजनाने नाही, आकारमानाने भरायचे, म्हणजे काळ्या दारूसाठी बनवलेल्या मापानेच. तराजूवर तोलून भरलं तर जास्त पडेल. ट्रिपल सेव्हन त्यातही जोरदार, काळ्या दारूच्या मापापेक्षा साधारण १५ टक्के कमी घ्यावी लागते. बाहेरच्या घोड्याच्या रायफलीत ठिणगीला वळणाचा रस्ता असतो, आणि खरी काळी दारू सगळ्यात सहज पेटते. मिळाली तर तीच घ्यावी. भाच्याने दारू आणि टोप्या तिथेच घ्याव्यात, विमानातून न्यायला दोन्हींना बंदी आहे.

स्मोकलेस दारू, म्हणजे आजच्या काडतुसातली, या नळीत एक चिमूटही जाता कामा नये. नळी फाटते आणि हात जातो. डबा घेताना लेबल दोनदा वाचावं आणि कुणाच्या सुट्या, बिनलेबलच्या बाटलीतली दारू कधीच घेऊ नये.

आता माप. जुनी रीत अशी की जेवढं कॅलिबर तेवढे ग्रेन, म्हणजे .५० ला ५० ग्रेन दोन एफ, इथून सुरू करायचं. पन्नास यार्डांवर कागद लावायचा, टेबलावर टेकून बार काढायचे आणि पाच-पाच ग्रेनने वर जायचं. एका टप्प्यावर छिद्रं जवळ येतात, त्यापुढे पुन्हा पसरायला लागतात. जवळ आलेली जागा हा त्या रायफलीचा लोड. बहुतेक .५० गोल गोळीला ७० ते ९० च्या मध्ये कुठेतरी खूश होतात. वरची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत छापलेली असते, ती ओलांडायची नाही. आणि तिच्या जवळ जायची गरजही पडत नाही.

हे चालू असताना जमिनीवर बघत राहायचं. गोळी सुटली की पॅच पुढे दहा-पंधरा यार्डांवर पडतो. तो उचलून आणा, उजेडात धरा. मध्ये काळसर वर्तुळ, कडा जराशा विसकटलेल्या, पण कापड अखंड: उत्तम. मध्ये जळून भोक पडलेलं: वायू गोळीच्या बाजूने निसटतोय, जाड कापड घ्या किंवा चरबी वाढवा. आट्यांच्या रेषेत चिरलेला: नळीच्या तोंडाची धार बोचतेय किंवा आटे फार तीक्ष्ण आहेत. कागदावरची छिद्रं बिघडली हे सांगतात, पॅच का बिघडली ते सांगतो. नवशिक्याने लक्ष्यापेक्षा पॅच जास्त वेळ बघावेत, असं माझं ठाम मत आहे.

हजिराचा पैलवान
मला हे पटत नाही. म्यूल डियर मोठं जनावर. १७७ ग्रेनची गोटी शंभर यार्डांवर दमलेली असते. माझ्या मित्राने ओहायोत ३७० ग्रेनची मॅक्सी-बॉल, म्हणजे लांबट गोळी, वापरली, दारू पूर्ण शंभर ग्रेन. जनावर जागेवर पडलं. ताकद असताना कमी का भरायचं?

नयाबाजारची वैनी
पैलवान, गोल गोळी लवकर दमते हे अगदी खरं. तोंडाशी सेकंदाला १८०० फुटांनी निघालेली गोळी शंभर यार्डांवर ११०० च्या आसपास येते. ऊर्जा निम्म्याच्याही खाली जाते. वारा तिला ढकलतोही फार, आणि इथे डोंगरात दुपारी वारा सुटतोच. म्हणून आम्ही गोल गोळीला ७५ यार्डांची हद्द ठेवतो. त्या हद्दीत मऊ शिशाची अर्ध्या इंचाची गोळी खांद्यामागे फुप्फुसातून गेली तर हरणाला आणखी काही लागत नाही.

३७० ग्रेनवर शंभर ग्रेन दारू म्हणजे धक्का किती बसतो ते मित्राला विचारा. पोरगं दुसऱ्याच बाराला डोळे मिटायला लागतं, चाप ओढायच्या आधी खांदा आखडतं. मग ती ताकद झाडात जाते. कोनिकलला माझा विरोध नाही. एल्कला मी तीच वापरते, दारू ८० ग्रेन. पण तिची एक खोड सांगते. पॅच नसल्याने नळीत ती फक्त आट्यांच्या पकडीवर बसलेली असते. रायफल तोंड खाली करून दिवसभर खांद्याला अडकवली, खडकावर चढउतार केली, की कधी कधी ती पुढे सरकते. दारू आणि गोळीत फट पडली की नळी फुगू शकते. म्हणून कोनिकल भरली की दर थोड्या वेळाने टोपी काढून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून गजाची खूण तपासावी लागते. पॅचमधली गोल गोळी घट्ट बसते, सहसा सरकत नाही. पहिल्याच हंगामात मुलाच्या डोक्यावर ही जास्तीची काळजी का?

मुरारचा आर्मोरर
गजाची खूण म्हणजे काय ते मामांसाठी लिहितो. ठरलेली दारू, ठरलेली गोळी, पूर्ण ठासून झाली की गज आत असताना तोंडाच्या पातळीवर त्यावर बारीक रेघ मारायची. रिकाम्या नळीची दुसरी रेघ. पुढे कधीही भरताना रेघ तोंडाशी आली नाही तर गोळी वर अडकली आहे. रेघ फारच वर राहिली तर गडबडीत दोन बार भरलेत. या दोन रेघांनी जितके हात वाचलेत तितके कुठल्याही पुस्तकाने वाचवले नसतील.

गोळी दारूवर टेकली पाहिजे, पण गज आपटून तिचं डोकं चपटं करायचं नाही. दर वेळी सारखाच दाब द्यायचा.

किल्ल्याखालचा
विषय ग्वाल्हेरला चिकटतो म्हणून लिहितो. वैनी म्हणतात त्या कोनिकलमध्ये मागून पोकळ असलेलाही एक प्रकार मिळतो. ती युक्ती फ्रेंच अधिकारी मिनिये याच्या १८४९ च्या गोळीने जगभर पसरली. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, त्यामुळे सहज आत जाते. बार उडाला की दारूचा वायू मागची पोकळी फुगवतो आणि शिसं आट्यांत घुसतं. १८५३ ची एन्फिल्ड रायफल, .५७७ कॅलिबरची, याच तत्त्वावर चालायची. तिच्या काडतुसाच्या कागदाला चरबी लावायचं कारणही तेच जे आज पॅचला लावायचं आहे: गोळी घसरत जावी आणि काजळी मऊ राहावी. त्या चरबीवरून १८५७ पेटलं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये ते इथे कोटे की सरायपर्यंत येऊन पोचलं.

यात नवशिक्याच्या कामाची गोष्ट एकच: ही फुगण्याची क्रिया फक्त मऊ, शुद्ध शिशात होते. कुणी गाडीच्या चाकांच्या वजनांपासून ओतलेल्या गोळ्या फुकट दिल्या तर घेऊ नयेत, त्यात अँटिमनी असतं आणि त्या कडक होतात. नखाने ओरखडा सहज उठला तर शिसं मऊ.

जयेंद्रगंजची ताई
मी शाकाहारी घरातली. हे सगळं वाचताना मला त्या हरणाचंच वाटत राहतं. हे करायलाच हवं का?

लष्करचा मामा
ताई, तुमचा प्रश्न आमच्या बहिणीनेही विचारला. भाचा मांस विकत घेऊन खातोच. त्याचं म्हणणं असं की वर्षातून एकदा तरी ते कुठून येतं याची जबाबदारी स्वतः घ्यावी. तिथे किती लायसन्सं द्यायची हे सरकार कळपांच्या मोजणीवरून ठरवतं आणि खाण्याजोगं मांस वाया घालवणं गुन्हा आहे. तुम्हाला हे पटावं असा माझा आग्रह नाही. पण तो जाणारच आहे, तर जनावर एका बारात जावं यासाठी मला जे करता येईल ते मी करणार.

आता प्रगती सांगतो. फेरा मोजला, पाव फेऱ्याला बारा इंच, म्हणजे ४८ च. गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री केली. रेंजवर ५० ग्रेनपासून चढत गेला. ६५ ला छिद्रं हातभर पसरलेली, आणि आर्मोररसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पॅच उचलले तर मध्ये जळकं भोक. त्याने फोटो पाठवला, अगदी सिगरेटने डाग दिल्यासारखं. मी त्याला जाड कापड घ्यायला सांगितलं. गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं सुती कापड, .०१८ इंच. त्यावर मेण आणि मेंढीची चरबी वितळवून लावली. त्याच ६५ ग्रेनला छिद्रं एकदम जवळ आली, ७५ ला सगळ्यात जवळ, ८५ ला पुन्हा फाकली. मग ७५ वर थांबला.

एक अडचण उरलीय. दर वेळी पहिली गोळी दोन इंच डावीकडे जाते, बाकीच्या एकत्र बसतात. का?

मुरारचा आर्मोरर
कापड बदललंत ते योग्य केलंत. पहिली गोळी स्वच्छ, तेलकट नळीतून जाते, बाकीच्या काजळी बसलेल्या नळीतून. म्हणून ती वेगळी पडते. पण शिकारीत तीच तर एक गोळी असते! तेव्हा पहिला बार बाकीच्यांसारखा करायचा. भरण्याआधी स्पिरिट लावलेल्या चिंधीने नळीतलं तेल पूर्ण काढायचं, मग कोरडी चिंधी. त्यानंतर सुरक्षित दिशेला नुसत्या एक-दोन टोप्या फोडायच्या. नळीचं तोंड गवताच्या पातीजवळ धरलं आणि पाती हलली, की निपलपासून आतपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. सरावात दर बारानंतर एक ओलसर चिंधी आणि एक कोरडी फिरवायची, म्हणजे प्रत्येक बार पहिल्यासारखाच होतो. एवढं करूनही डावीकडे गेली तर मागची खाच उजवीकडे सरकवायची. खाच तिकडेच न्यायची जिकडे गोळी हवी.

दारू नळीत ओतताना ती थेट शिंगातून किंवा डब्यातून ओतायची नाही. आधी मापात, मग मापातून नळीत. आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर मापाएवढीच दारू पेटेल, हातातला डबा नाही. आणि टोपी फुटूनही बार झाला नाही तर नळी समोरच धरून किमान एक मिनिट थांबायचं, मी दोन म्हणेन. उशिरा सुटणारा बार फसवा असतो.

नयाबाजारची वैनी
७५ ग्रेन छान लोड आहे मामा. आता टेबल सोडायला सांगा. आठ इंची कागदी ताटली लावायची, गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, उभ्याने बार काढायचे. ज्या अंतरावर ताटलीबाहेर एकही गोळी जात नाही तेवढीच त्याची हद्द. उभ्याने ती ४० यार्ड आली तर उभ्याने ४० च. टेबलावरचा आकडा जंगलात कामाचा नाही.

धुणं लगेच, त्याच संध्याकाळी. हॉकनची नळी आडवी पाचर काढली की दस्त्यापासून सुटते. मागचं टोक गरम साबणपाण्याच्या बादलीत ठेवून गजाला चिंधी लावून वर-खाली करायचं. पाणी निपलमधून आत ओढलं जातं आणि काळं होऊन बाहेर येतं. स्वच्छ पाणी येईपर्यंत करायचं, मग कोरडं करून तेल. एक रात्र तशीच राहिली तर काजळी दमट हवा ओढून घेते आणि सकाळी नळीत गंज दिसतो.

लष्करचा मामा
ताटलीचं केलं. बसून ७० यार्ड, उभ्याने ४५. त्याने स्वतःहून ठरवलंय, ६० च्या पुढे बार काढणार नाही. शेवटचा प्रश्न: रात्री तंबूत बंदूक भरलेली ठेवायची का? रोज संध्याकाळी बार फुकट काढायला त्याचं मन होत नाही.

नयाबाजारची वैनी
तंबूत भरलेली नको. बार काढून टाकावा, पंचाहत्तर ग्रेन दारू आणि एक गोळी, त्यात काटकसर करू नये. छावणीपासून दूर, मऊ मातीच्या उतारावर, समोर आणि मागे काय आहे ते बघून. धुऊन कोरडी केली की ती रात्री शेगडीजवळ न ठेवता बाहेर थंडीतच, कुलूप लावलेल्या पेटीत ठेवायची. सप्टेंबरमध्ये उंचावर पहाटे बर्फ पडतं. थंड नळी उबदार तंबूत आणली की आतून घाम सुटतो आणि तोच सकाळी दारू ओली करतो. टोप्यांची डबी मात्र खिशात, अंगाशी, कोरडी. सकाळी तेल पुसायचं, दोन टोप्या फोडायच्या, मग भरायचं आणि गजाची रेघ बघायची. टोपी निपलवर चढवायची ती जनावर समोर आल्यावरच.